पितळी वाद्य आणि त्याची मैफल

मराठी काव्यांत तुतारीला जें स्थान आहे तें मराठी संगीतांत तिला कधींच मिळालें नाहीं. केशवसुतांनीं १८९३ सालीं ‘तुतारी’ ही कविता लिहिली, तेव्हांपासून हें वाद्य आमच्या सुशिक्षित समाजाच्या मनांत नवविचाराचें आणि जागृतीचें चिन्ह होऊन बसलें आहे. तुतारी म्हटली कीं शाळकरी मुलालाहि ती कविता आठवते. परंतु तुतारीवर वाजविलेला एखादा राग आठवतो काय, असें त्याच मुलाला विचारल्यास तो गोंधळून जाईल; आणि त्यांत त्याचा कांहींच दोष नाहीं. तुतारीवर राग वाजविलाच जात नाहीं. ती वाजते ती स्वागताला, मिरवणुकीला, पालखीपुढें, वऱ्हाडाच्या आगमनाला. तिचें काम वर्दी देण्याचें. वर्दी देऊन झाली कीं ती गप्प होते, आणि ज्याच्यासाठीं वर्दी दिली तो मनुष्य बोलूं लागतो.

युरोपांतहि पितळी वाद्यांची हीच स्थिति अनेक शतकें होती. तेथेंहि तीं रणांगणावर, राजवाड्याच्या दारांत आणि शिकारीच्या रानांत वाजत. असें असतां १९०६ सालीं पॅरिस येथें जॉर्ज एनेस्कु या पंचविशींतील रुमानियन संगीतकारानें ट्रंपेट आणि पियानो या दोन वाद्यांसाठीं ‘लेजांद’, म्हणजे ‘आख्यायिका’, या नांवाची सहा-सात मिनिटांची एक रचना केली. तिच्यांत ट्रंपेट कोणाची वर्दी देत नाहीं. तें स्वतःच बोलतें, आणि श्रोते स्वस्थ बसून त्याचें बोलणें ऐकतात. वाद्यास दारांतून दिवाणखान्यांत प्रवेश कोणत्या कारणांनीं मिळतो, आणि आमच्या नागपुरांत दर लग्नसराईंत तेंच वाद्य वाजवीत जाणाऱ्या वादकास तो अद्याप कां मिळालेला नाहीं, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. प्रश्न वरकरणी संगीताचा दिसतो. पण त्यांत कांहीं माणसांच्या प्रतिष्ठेचा प्रश्नहि गुंतलेला आहे.

प्रथम वाद्याचें अंग पाहूं. तुतारी, शिंग, कर्णा, बिगुल हीं सर्व मुळांत एकाच जातीचीं वाद्यें: एका टोकास अरुंद आणि दुसऱ्या टोकास रुंद होत गेलेली पोकळ नळी. सनई किंवा बांसरी यांच्याप्रमाणें तिच्या अंगास बोटांनीं झांकावयाचीं छिद्रें नसतात. स्वर निघतो तो वादकाच्या ओठांच्या कंपनानें. ओठ अधिक आवळले आणि श्वासाचा जोर वाढविला कीं स्वर वर चढतो. पण तो पायरीपायरीनें चढत नाहीं, उड्या मारीत चढतो. खालचा षड्ज, मग त्याच्या वरचा षड्ज, मग पंचम, पुन्हा षड्ज, नंतर गांधार, पुन्हा पंचम, थोडा उतरलेला कोमल निषाद आणि परत षड्ज, असा हा निसर्गानेंच घालून दिलेला क्रम आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गांधार ऐकूं येतो तो याच क्रमांतला पांचवा स्वर होय. म्हणजे नळीच्या या टप्प्यांत ऋषभ नाहीं, मध्यम नाहीं, धैवत नाहीं. एवढ्या स्वरांत ललकारी देतां येते. पण ज्याला केवळ पांच स्वर पुरतात तो भूप देखील वाजवितां येत नाहीं, कारण भूपाला ऋषभ आणि धैवत यांवांचून गत्यंतर नाहीं. तेव्हां आमच्या पूर्वजांनीं तुतारीला मैफलींत बसविलें नाहीं यांत त्यांची अरसिकता नव्हती. वाद्याला जें बोलतां येत होतें तेवढेंच त्यांनीं त्याच्याकडून बोलवून घेतलें.

नळीच्या याहून वरच्या टप्प्यांत स्वर एकमेकांच्या जवळ येतात आणि तेथें चाल वाजवितां येते. युरोपांत सतराव्या व अठराव्या शतकांत कांहीं वादकांनीं या उंच स्वरांची असाधारण साधना केली होती. बाख यानें १७२१ सालीं ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीस जीं सहा वाद्यवृंदरचनांचीं पुस्तकें अर्पण केलीं, त्यांपैकीं दुसऱ्या रचनेंतील ट्रंपेटचा भाग अशाच कळ नसलेल्या साध्या नळीसाठीं लिहिलेला आहे, आणि तो आजहि कसलेल्या वादकाची छाती दडपून टाकतो. पण ही साधना फार थोड्यांना साधे, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती मागें पडली. पुढें व्हिएन्ना येथें आंटोन व्हायडिंगर या वादकानें नळीच्या अंगास छिद्रें पाडून त्यांवर कळांचीं झांकणें बसविलीं. त्याच्यासाठीं हायडन यानें १७९६ सालीं एक रचना केली आणि ती १८०० सालीं लोकांपुढें वाजली. तिच्यांत ट्रंपेटनें खालच्या टप्प्यांतहि अखंड सप्तक वाजविलें. मात्र छिद्रांमुळें वाद्याचा तेजस्वी नाद मंद होई, म्हणून ही युक्ति टिकली नाहीं.

खरा पालट घडविला तो प्रशियांतील दोन साध्या वादकांनीं. हाइनरिख श्टोल्झेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघांनीं शोधून काढलेल्या कळेस १८१८ सालीं बर्लिन येथें सनद मिळाली. या कळेचें तत्त्व मोठें सोपें आहे. बोटानें कळ दाबली कीं वाऱ्याची वाट नळीच्या एका जोडतुकड्यांतून वळते, त्यामुळें नळी तेवढी लांब होते आणि स्वर खालीं उतरतो. एक कळ अर्ध्या स्वरानें उतरविते, दुसरी एका स्वरानें, तिसरी दीड स्वरानें. या तीन कळांच्या मिळवणीनें निरनिराळ्या लांबीच्या सात तुताऱ्या वादकाच्या हातांत एकाच वेळीं येतात, आणि त्या सातांच्या स्वयंभू स्वरांतून बाराहि स्वर मिळतात. शिंगाच्या इतिहासांत इतकी मोठी गोष्ट दुसरी घडलेली नाहीं.

पण कळ बसली आणि मैफल मिळाली, असें लगोलग झालें नाहीं. यंत्र हें साधन. त्याचा उपयोग शिकविणारी शाळा लागते. पॅरिसची सुप्रसिद्ध संगीतशाळा १७९५ सालीं स्थापन झाली, आणि तिचें बीज कोणत्याहि राजगायकाच्या घराण्यांत नव्हे, तर राज्यक्रांतीच्या काळांतील नागरी सेनेच्या बँडांत होतें. सारेत नांवाच्या सैनिकी अधिकाऱ्यानें जमविलेले बँडवाले हेच त्या शाळेचे पहिले गुरुजन. आमच्या वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे. त्या शाळेंत १८३३ सालीं दोव्हेर्ने याच्याकडे ट्रंपेटचा वर्ग आला. त्याचा शिष्य आर्बां यानें १८६४ सालीं कॉर्नेट या ट्रंपेटच्या धाकट्या भावंडासाठीं एक प्रचंड अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. जगांतील पितळी वाद्यांचे विद्यार्थी तो आजहि उघडतात. त्या ग्रंथाच्या अखेरीस व्हेनिसच्या एका लोकप्रिय चालीवर त्यानें केलेला विस्तार आहे. एक साधी चाल घेऊन तिच्याभोंवतीं उत्तरोत्तर जलद आणि अवघड स्वरजाळें विणावयाचें, आणि तरीहि मूळ चाल श्रोत्याच्या कानांतून निसटूं द्यावयाची नाहीं, असा तो प्रकार आहे. आमच्याकडील तानबाजीची गोडी ज्यांना आहे त्यांना त्यांतील मर्म सांगावें लागणार नाहीं. १८६९ सालीं त्या शाळेंत कॉर्नेटचा स्वतंत्र वर्ग निघाला आणि आर्बां त्याचा अध्यापक झाला.

तथापि कौशल्य निराळें आणि आशय निराळा. कॉर्नेटची ही करामत बागांतून आणि नृत्यगृहांतून टाळ्या मिळवीत होती, पण गंभीर संगीताचे उपासक तिला अद्याप करमणूकच समजत होते. तिसरी गोष्ट अजून घडावयाची होती, आणि ती म्हणजे थोर रचनाकारानें या वाद्यासाठीं लेखणी उचलणें. ती घडून आली एका साध्या शालेय प्रथेमुळें. पॅरिसच्या शाळेंत प्रत्येक वाद्याची वर्षअखेरची परीक्षा परीक्षकमंडळापुढें होई, आणि तिच्यासाठीं पुष्कळदां एखाद्या रचनाकाराकडून नवीन रचना करवून घेत. १८९४ पासून ट्रंपेटचा वर्ग मेरी फ्रांकें या अध्यापकाकडे होता. त्याच्या वर्गाच्या परीक्षेसाठीं १९०६ सालीं एनेस्कु यानें ‘लेजांद’ लिहिली आणि ती त्यालाच अर्पण केली. म्हणजे जी रचना आज या वाद्याचें भूषण मानली जाते, ती मुळांत परीक्षेचा पेपर होती.

आतां या रचनेंत आहे तरी काय? आरंभ संथ आणि गंभीर आहे. पियानो हलकेच भूमि तयार करतो आणि ट्रंपेट मृदु आवाजांत, एखादी जुनी गोष्ट सांगावी तसें, दीर्घ श्वासाचें एक वाक्य बोलूं लागतें. ज्याला ट्रंपेट म्हणजे कर्कश ललकारी असेंच वाटत आलें आहे त्याला येथेंच पहिलें आश्चर्य वाटतें. हळूहळू गति वाढते. स्वर अर्ध्याअर्ध्या पायरीनें सरकत, घसरत, वेगानें वर चढतात. जिभेच्या दुहेरी-तिहेरी आघातांनीं एकेक स्वर मोत्यासारखा सुटा काढावा लागतो. मध्यंतरीं वादळ उठतें आणि वाद्य आपल्या पूर्ण तेजानें गर्जतें. नंतर तें सर्व शमतें, आरंभींचें वाक्य परत येतें, आणि शेवटीं वादक वाद्याच्या तोंडांत आवाज दबविणारें बूच बसवून इतक्या क्षीण स्वरांत थांबतो कीं तो आवाज दूरच्या डोंगरापलीकडून येत असावा असें वाटावें. आमच्या मैफलीचा क्रम विलंबिताकडून द्रुताकडे जातो आणि द्रुतांतच संपतो. हा क्रम द्रुतांत जाऊन पुन्हा विलंबिताकडे परततो. पियानोचें कामहि येथें तंबोऱ्याचें किंवा तबल्याचें नव्हे. तो कधीं भूमि देतो, कधीं उत्तर देतो, कधीं विरोध करतो. दोन समानशील माणसांचा हा संवाद आहे. जें वाद्य हजारों वर्षें केवळ हुकूम देत होतें, त्याला येथें पहिल्यानें संभाषण करावें लागतें.

एनेस्कु (१८८१–१९५५) हा स्वतः पितळी वाद्यांचा वादक नव्हता. तो व्हायोलिनचा थोर वादक आणि गुरु. यहुदी मेन्युहिन हा त्याचा जगप्रसिद्ध शिष्य. हेच मेन्युहिन १९५२ सालीं हिंदुस्थानांत आले आणि आमच्या संगीताचे आजन्म मित्र झाले. आमच्याकडे ज्यांनीं हार्मोनियमसारख्या साथीच्या वाद्यास एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली ते गोविंदराव टेंबे यांचा जन्महि १८८१ चा आणि मृत्युहि १९५५ चा. हा केवळ योगायोग. पण तो बोलका आहे. एकाच पिढींत, दोन दूरच्या देशांत, खालच्या पायरीवर बसविलेल्या दोन वाद्यांस वर बोलावणारीं माणसें निघालीं.

आतां आपण नागपुराकडे वळूं. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला, आणि चार वर्षांनीं, १८२१ सालीं, शहरापासून सुमारें दहा मैलांवर कन्हानच्या कांठीं इंग्रजांनीं कामठीची छावणी वसविली. ही तारीख लक्षांत घेण्याजोगी आहे: बर्लिनमध्यें कळेस सनद मिळून तेव्हां अवघीं तीन वर्षें झालीं होतीं. पुढील कांहीं दशकांत युरोपांतील पलटणींच्या बँडांनीं कळेचीं वाद्यें स्वीकारलीं, आणि त्यांच्यामागोमाग तीं हिंदुस्थानांतील छावण्यांत पोंचलीं. भोसल्यांच्या नगारखान्यांतील शिंग-कर्ण्याचा नाद जेथें घुमत होता, त्या मुलखांत बारा स्वर बोलणारें नवें शिंग आलें तें असें छावणीच्या वाटेनें. कामठी आजहि सैन्याचें ठाणें आहे. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचें प्रशिक्षणकेंद्र तेथेंच आहे.

छावणीचीं वाद्यें शहरांत कशीं आलीं याची हकीकत हिंदुस्थानांत सर्वत्र सारखीच आहे. पलटणीच्या बँडाची ऐट प्रथम संस्थानिकांनीं उचलली, मग धनिकांनीं, मग मध्यमवर्गानें. लग्नाच्या वरातीपुढें बँड असणें हें घराण्याच्या इभ्रतीचें लक्षण झालें. पलटणींतून बाहेर पडलेले वादक आणि त्यांच्याकडून शिकलेले वाजंत्री यांनीं भाड्याचे बँड काढले. मीरतेस पितळी वाद्यें घडविण्याचा मोठा धंदा उभा राहिला. आणि एका शतकाच्या आंत ट्रंपेट, क्लॅरिनेट व युफोनियम हीं वाद्यें आमच्या लग्नांत सनई-चौघड्याइतकीं परिचयाचीं झालीं. बँडचा प्रमुख, ज्यास सारे ‘मास्टर’ म्हणतात, तो बहुधा ट्रंपेट किंवा क्लॅरिनेट हातीं धरतो. गाण्याचें धृपद-अंतरा तो एकटा वाजवितो, आणि बाकीचे त्याला साथ करतात. एका अर्थानें हें एकल वादनच आहे. फरक इतकाच कीं तें उभ्यानें, चालतां चालतां, ढोलांच्या आणि फटाक्यांच्या गोंगाटांत करावें लागतें, आणि ऐकणारे ऐकण्यासाठीं आलेले नसतात, नाचण्यासाठीं आलेले असतात.

येथें एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळतां येणार नाहीं. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मांग समाजाची गणना गांवचे वाजंत्री म्हणून केलेली आहे. वाजंत्र्यावांचून लग्न लागत नसे, पण वाजंत्री बसे तो मांडवाबाहेर. पंगत उठल्यावर त्याला वाढीत. बँड आला तेव्हां वाद्य बदललें, अंगावर सोनेरी गोंड्यांचा गणवेश आला. परंतु बसण्याची जागा फारशी बदलली नाहीं. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्य समाजास गांवकीचीं हीन लेखलेलीं कामें टाकून देण्याचा उपदेश केला, आणि १९५६ सालीं नागपुरांतच धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर महाराष्ट्रांत पुष्कळ गांवीं या समाजाच्या वादकांनीं मिरवणुकीपुढें वाजविण्याचें काम सोडून दिलें. त्यांना कोण दोष देईल? ज्या वाद्याचा मान वाजविणाऱ्यास न मिळतां केवळ मिरविणाऱ्यास मिळतो, तें वाद्य कलेच्या नांवानें सांभाळून ठेवा, असें सांगण्याचा अधिकार मांडवांत बसणाऱ्यांस नाहीं. ‘कला टिकली पाहिजे’ असें म्हणणाऱ्यानें कलावंतास बसावयास जागा काय दिली, हें आधीं सांगितलें पाहिजे.

महाराष्ट्रांत या वाद्याला जी थोडीबहुत जागा मिळाली ती गोव्याच्या वादकांमुळें. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलिपि आणि वाद्यें शिकविण्याची परंपरा फार जुनी आहे. तेथें तयार झालेले वादक पोटासाठीं मुंबईस आले, हॉटेलांतील वाद्यवृंदांत शिरले आणि तेथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. अल्डोना येथील आंतोनियो झेवियर व्हाज (१९१६–१९६७) हा ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेला ट्रंपेटवादक त्यांपैकींच एक. अमेरिकेंतील लुई आर्मस्ट्राँगच्या वळणावर वाजविणारा म्हणून त्याची ख्याति होती. त्याचा दीर्घ सहवास घडला तो संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशीं. आमच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर (१९१८–१९८२) बालपणीं नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयांत शिकलेले होते. पुढें ज्यांचें गायन महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें त्या वसंतराव देशपांड्यांचेहि गुरु हेच सप्रे. ‘अलबेला’ हा भगवान यांचा चित्रपट १९५१ सालीं निघाला. त्याच्या गाण्यांत नागपूरच्या विद्यालयांत रागदारीचे धडे गिरवलेल्या संगीतकाराची चाल आणि अल्डोन्याच्या वादकाचें ट्रंपेट यांचा संगम झाला. तीं गाणीं आमच्या बँडवाल्यांनीं कानानें उचललीं, आणि कामठीच्या वाटेनें आलेलें वाद्य मुंबईची प्रदक्षिणा करून पुन्हा आमच्या रस्त्यांत आलें.

पण या सर्व प्रवासांत ट्रंपेटच्या वांट्यास आलें काय? गाण्याच्या आरंभींचे चार-सहा आवर्तनांचे तुकडे, दोन कडव्यांमधील थोडी मोकळीक. ते तुकडे अप्रतिम असतील. परंतु गायक तोंड उघडेपर्यंतच त्यांचें राज्य. म्हणजे तुतारीचें जुनेंच काम, वर्दी देण्याचें. शाळेची गोष्ट पाहिली तर तीहि आमच्या अगदीं जवळ होती. १९५० सालीं पचमढी येथें सैन्याच्या शिक्षणविभागाच्या आश्रयानें लष्करी संगीताची शाळा निघाली, आणि त्या काळीं पचमढी ज्या मध्यप्रदेशांत होती त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर हीच होती. पॅरिसप्रमाणेंच येथेंहि बँडवाल्यांची शाळा होती. मग पॅरिसला जें झालें तें येथें कां होऊं नये? कारण पचमढीची शाळा सैन्याची गरज भागविण्यासाठीं होती आणि सैन्याची गरज संचलनाची असते. पॅरिसच्या शाळेनें सैनिकी बँडापासून आरंभ केला खरा, पण लवकरच बँडवाल्याचा मुलगा आणि व्हायोलिनवाल्याचा मुलगा एकाच छपराखालीं, एकाच परीक्षेस बसूं लागले. आमच्याकडे हीं दोन छपरें निराळींच राहिलीं. संगीत विद्यालयांत कंठसंगीत, सतार, तबला, हार्मोनियम. आणि ट्रंपेट मात्र रस्त्यावर.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. आमच्या रागसंगीताचा प्राण मींड. कळेच्या वाद्यांत स्वर तुटक निघतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाणें त्याला कठीण. मग राग वाजणार कसा? आक्षेप खरा आहे. परंतु तो हार्मोनियमवर अधिकच लागू पडतो, आणि टेंब्यांनीं त्याला कृतीनें उत्तर दिलें. ट्रंपेटमध्यें तर ओठ आहेत. कळ अर्धवट दाबून आणि ओठ सैल करून कसलेला वादक स्वर पुष्कळच वांकवितो. दुसरें असें कीं, सनईची कथा आमच्या डोळ्यांसमोर आहे. तीहि नगारखान्यांतली, मंगल कार्याच्या दारांतली. पुण्याचे शंकरराव गायकवाड आणि काशीचे बिस्मिल्लाखान (१९१६–२००६) यांनीं तिला मैफलींत आणून बसविलें, आणि बिस्मिल्लाखानांस २००१ सालीं भारतरत्न देऊन राष्ट्रानें त्या स्थानावर आपली मोहर उठविली. दक्षिणेंत कद्री गोपालनाथ यांनीं सॅक्सोफोन हें केवळ बँडाचें वाद्य घेऊन त्यावर कर्नाटक संगीत असें वाजविलें कीं २०१९ सालीं ते निवर्तले तेव्हां तें वाद्य तिकडे परकें राहिलें नव्हतें. मैसूरच्या राजवाड्याच्या बँडांत त्यांनीं तें पहिल्यानें ऐकलें होतें. तेव्हां बँडांतून मैफलीकडे जाणारी वाट बंद आहे असें नव्हे. मात्र सनईला जन्मतःच मींड होती, आणि गोपालनाथांसारखा एकांडा पुरुष युगांत एखादाच निघतो. पॅरिसनें अशा पुरुषाची वाट पाहिली नाहीं. तेथें वर्ग होता, परीक्षा होती, आणि परीक्षेसाठीं रचना मागण्याची प्रथा होती. त्या प्रथेनें सामान्य विद्यार्थ्यालाहि दर वर्षीं थोर रचनाकाराच्या समोर उभें केलें.

या इतिहासापासून आम्हांस जें दिसतें तें थोडक्यांत असें. वाद्याची प्रतिष्ठा त्याच्या धातूंत नसते आणि त्याच्या जुनेपणांतहि नसते. नादाची कळ, शिकविणारी शाळा आणि त्याच्यासाठींच लिहिलेली रचना, हीं तीन मिळालीं म्हणजे दारावरचें वाद्य आंत येतें. पहिली गोष्ट आमच्याकडे छावणीच्या वाटेनें केव्हांच आली. दुसरी आली ती अर्धीमुर्धी. तिसऱ्या गोष्टीचा आम्ही विचारच केला नाहीं. आमच्या संगीतांत लिहिलेल्या रचनेस दुय्यम स्थान आहे आणि वादकाच्या स्फूर्तीस पहिलें, हें आम्ही जाणतों. परंतु स्फूर्तीला देखील बंदिशीचा आधार लागतोच. ट्रंपेटच्या प्रकृतीस मानवणारे राग कोणते, त्याच्या श्वासाच्या लांबीला साजणारी बंदिश कोणती, साथीला पियानो घ्यावा कीं हार्मोनियम, यांचा विचार करून एखाद्या जाणत्या संगीतकारानें सहा-सात मिनिटांचीच एक रचना केली, तरी ती आरंभास पुरेशी आहे. रागदुर्गा, भूप, हंसध्वनि यांसारखे मोकळ्या स्वरांचे राग या वाद्याच्या गळ्यांत सहज बसतील असें आम्हांस वाटतें. कळेवांचून ज्या भूपाची त्याला चोरी होती, त्यापासूनच आरंभ करणें शोभेल.

आणि सवडीचा प्रश्नहि येत नाहीं. आषाढीनंतर लग्नांचे मुहूर्त थांबतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशींची मारबतीची मिरवणूक आणि गणेशोत्सव एवढे दिवस वगळल्यास चातुर्मासांत बँडवाल्यांचीं वाद्यें भिंतीस टांगलेलीं असतात आणि त्यांच्या घरीं चूल जेमतेम पेटते. नागपुरांत १९२३ पासून विद्यापीठ आहे, संगीताचीं विद्यालयें आहेत, नाट्यगृहें आहेत. त्यांपैकीं कोणीहि चातुर्मासांत बँडच्या मास्टरांसाठीं चार आठवड्यांचा वर्ग चालवावा, त्याबद्दल त्यांना योग्य वेतन द्यावें, त्यांच्यासाठीं दर वर्षीं एक नवी रचना करवून घ्यावी, आणि तुळशीच्या लग्नाआधीं एके संध्याकाळीं त्यांना रंगमंचावर बसवून ती ऐकावी. त्या संध्याकाळीं त्यांच्या अंगावर गोंड्यांचा गणवेश नसावा, आणि आम्हीं श्रोत्यांनीं टाळ्या वाजविण्याआधीं रचना संपेपर्यंत गप्प बसावें.